घरच्या सिम्युलेटरवर कोणते आकडे ठेवावेत?

सांगलीत राहून वैमानिक व्हायचं ठरवलं की आधी सरावाचा प्रश्न येतो. कवलापूरची जुनी धावपट्टी वापरात नाही, जवळचा चालू विमानतळ कोल्हापूरचा. म्हणून मी घरच्या कॉम्प्युटरवर एक्स-प्लेन हे विमान उडवण्याचं सिम्युलेटर घेऊन बसू लागलो. कमर्शिअल पायलट लायसन्सला लागणाऱ्या 200 तासांत यातला एकही तास धरत नाहीत, हे आधीच सांगतो. नजरेला आणि हाताला वळण मात्र नक्की लागतं. त्यासाठी पडद्यावर कोणते आकडे ठेवायचे हे विचार करून ठरवा.

सेटिंग्जमध्ये ‘डेटा आउटपुट’ नावाचं पान आहे. तिथे शंभराहून जास्त ओळी आहेत आणि प्रत्येकीसमोर चार चौकटी: आकडे कॉकपिटमध्ये दाखवायचे, त्यांचा आलेख काढायचा, फाइलमध्ये लिहायचे की नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवायचे. पहिल्या चौकटीवर टिक केली की आकडे पडद्याच्या कोपऱ्यात उमटतात. दिसेल त्यावर टिक करत सुटलात तर बाहेरचं आकाशच झाकलं जाईल.

वेगाची ओळ पहिल्यांदा लावा. तिच्यात दर्शवलेला (डायलवर दिसणारा) वेग, हवेतला खरा वेग आणि जमिनीवरचा वेग शेजारीशेजारी येतात. उंची वाढते तशी हवा विरळ होते, म्हणून दर हजार फुटांना खरा वेग दर्शवलेल्या वेगापेक्षा साधारण दोन टक्क्यांनी जास्त भरतो. पुस्तकात वाचून हे पाठ होतं; सह्याद्री ओलांडताना दोन्ही आकडे एकमेकांपासून दूर जाताना पाहिले की कळतं.

दुसरी ओळ अक्षांश, रेखांश आणि उंचीची. हिच्यात समुद्रसपाटीपासूनची आणि खालच्या जमिनीपासूनची, अशा दोन्ही उंच्या मिळतात. कोल्हापूरची धावपट्टीच मुळी सुमारे 2000 फुटांवर आहे. तिथे आल्टिमीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा डायल, 3000 दाखवत असेल, तर तुमच्याखाली जेमतेम हजार फूट उरलेत. घाटमाथ्याकडे वळलात की हे अंतर आणखी झपाट्याने घटतं.

उतरण्याचा सराव करताना तिसरी ओळ हवी: दर मिनिटाला किती फूट खाली येतोय, ती. तीन अंशांच्या उतारासाठी जमिनीवरचा वेग नॉटमध्ये (तासाला सागरी मैल) घ्या आणि त्याला पाचाने गुणा. 70 नॉटला मिनिटाला 350 फूट. वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग कमी, म्हणून उतरण्याचा दरही कमी ठेवायचा. फ्रेम रेटची, म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याची, ओळ पहिल्या दिवशी बघून बंद केली तरी चालते.

माझ्या मते खरा फायदा फाइलच्या चौकटीत आहे. ती लावली की एक्स-प्लेनच्या फोल्डरमध्ये ‘डेटा डॉट टीएक्सटी’ तयार होते. ती एक्सेलमध्ये उघडा आणि शेवटच्या दोन मिनिटांचा वेग व उंची यांचा आलेख काढा. रेघ कुठे डगमगली ते लगेच दिसतं. नोंदींचा वेग मात्र कमी ठेवा, नाहीतर फाइल अवाढव्य होते.

थोडा हात बसला की कोपऱ्यातले आकडे बंद करा आणि डायल वाचूनच उडवा. फाइलची नोंद चालूच राहू द्या, म्हणजे डायल बरोबर वाचले की नाही हे उतरल्यावर ताडून बघता येतं.