व्हिडिओ चालत नाही म्हणून नवा प्लेअर शोधताय? आधी या चुका टाळा

डाउनलोड केलेला व्हिडिओ उघडला नाही की बहुतेक जण थेट गुगलवर जातात आणि ‘बेस्ट व्हिडिओ प्लेअर फ्री डाउनलोड’ टाकून मोकळे होतात. थोड्याच वेळात लॅपटॉपवर दोन-तीन नवे प्लेअर, कुठला तरी ‘ड्रायव्हर अपडेटर’ आणि ब्राउझरला भलतंच होमपेज येऊन बसतं. व्हिडिओ मात्र जिथल्या तिथे. खरं सांगायचं तर चांगला प्लेअर शोधण्याचं काम आता उरलेलंच नाही. व्हीएलसी किंवा एमपीव्ही या फुकट प्लेअरांपैकी एक मशीनवर असेल तर धड असलेली जवळपास कुठलीही फाइल चालते. तरीही अडत असेल तर गडबड फाइलमध्ये, एखाद्या सेटिंगमध्ये नाहीतर मशीनच्या कुवतीत असते, आणि ती नवा प्लेअर टाकून जात नाही.

फाइल पूर्ण आली का, हे न बघणं

सगळ्यात आधी फाइलवर राइट-क्लिक करून साइझ बघा. तासाभराच्या लेक्चरचा व्हिडिओ ४० केबी दिसत असेल तर तो व्हिडिओच नाही. साइटने लॉगिन मागितलं असेल किंवा लिंकची मुदत संपली असेल आणि ते एररचं पानच ‘लेक्चर.एमपी४’ या नावाने सेव्ह झालं असेल. एम३यू८ अशा एक्स्टेंशनची चिमुकली फाइल आली असेल तर ती नुसती लिंकांची यादी असते. मूळ सर्व्हरवर व्हिडिओ आहे तोवर नेट चालू ठेवून चालते, पेनड्राइव्हवर घालून गावी नेली की संपलं.

क्रोमची अर्धवट फाइल ‘सीआरडाउनलोड’ आणि फायरफॉक्सची ‘पार्ट’ हे शेपूट लावून बसलेली असते. ते शेपूट खोडून एमपी४ लिहिणारे पुष्कळ भेटतात. एमपी४ प्रकारात फाइलची अनुक्रमणिका बरेचदा अगदी शेवटी असते. कुठलं दृश्य फाइलमध्ये कुठे आहे हे त्या अनुक्रमणिकेतच लिहिलेलं असतं. त्यामुळे ९५ टक्के उतरलेली एमपी४ फाइलही एक सेकंद चालणार नाही असं होऊ शकतं, आणि तेवढीच उतरलेली एमकेव्ही मात्र तुटेपर्यंत नीट चालते. अशा अर्धवट डाउनलोडसाठी विकत मिळणाऱ्या ‘व्हिडिओ रिपेअर’च्या नादी लागू नका. जो भाग तुमच्याकडे आलाच नाही तो ते कुठून आणणार? पुन्हा डाउनलोड करा.

एक्स्टेंशन बदलून व्हिडिओ ‘कन्व्हर्ट’ करणं

एमकेव्हीचं नाव बदलून एमपी४ केल्याने आत काहीच बदलत नाही. एमपी४, एमकेव्ही, वेबएम ही फक्त वेष्टनाची नावं. आतलं चित्र कुठल्या पद्धतीने आवळून भरलंय, म्हणजे कोडेक कोणता, यावर ते चालणार की नाही हे ठरतं. एच.२६४ हा २००३ सालचा कोडेक, तो कुठेही चालतो. त्यानंतरचे एच.२६५ आणि व्हीपी९ हे दोन्ही २०१३चे, आणि एव्ही१ हा २०१८चा. जितका कोडेक नवा तितकी फाइल लहान आणि जुन्या मशीनची दमछाक जास्त.

आत काय आहे ते बघायला व्हीएलसीमध्ये व्हिडिओ उघडा आणि कंट्रोल-जे दाबा. एक छोटी खिडकी येते. त्यात ‘स्ट्रीम ०’च्या खाली व्हिडिओ आणि ‘स्ट्रीम १’च्या खाली ऑडिओ अशी नोंद असते, पुढे कोडेकचं नाव, रिझोल्यूशन, फ्रेम रेट. पुढचे निम्मे प्रश्न या एका खिडकीतच सुटतात.

आवाज नाही म्हणून स्पीकरवर राग काढणं

कंट्रोल-जेच्या खिडकीत फक्त व्हिडिओची एकच स्ट्रीम दिसली तर फाइलमध्ये आवाजच नाही. मोठ्या व्हिडिओ साइट्स चित्र आणि आवाज वेगवेगळे पाठवतात आणि ब्राउझर ते चालवताना जुळवतो. डाउनलोड करणाऱ्या टूलने ते नंतर जोडायचे असतात. त्यासाठी वायटी-डीएलपीसारख्या टूलला एफएफएमपेग हा जोडकाम करणारा वेगळा प्रोग्राम लागतो. तो मशीनवर नसेल तर मुकी व्हिडिओ फाइल एक आणि आवाजाची एक अशा दोन सुट्या फाइल फोल्डरमध्ये पडून राहू शकतात. लोक पहिली उघडून वैतागतात आणि दुसरी ‘ही कसली’ म्हणून डिलीट करतात.

दोन्ही फाइल असतील तर जोडत बसायचीही गरज नाही. व्हीएलसीच्या ‘मीडिया’ मेनूतून ‘ओपन मल्टिपल फाइल्स’ उघडा, व्हिडिओ निवडा, खाली ‘शो मोअर ऑप्शन्स’वर टिक करा आणि ‘प्ले अनदर मीडिया सिंक्रोनसली’ला आवाजाची फाइल द्या. (यूट्यूबच्या अटींत अशा टूलने डाउनलोड करणं बसत नाही, हेही लक्षात असू द्या. एनपीटेलची लेक्चर्स किंवा इंटरनेट आर्काइव्हवरचे व्हिडिओ यांना साइटवरच डाउनलोडची लिंक असते आणि तिथून येणाऱ्या फाइलमध्ये आवाज जोडलेलाच असतो.)

ऑडिओची स्ट्रीम दिसतेय पण मोबाइलवर आवाज नाही, ही गोष्ट वेगळी. एमएक्स प्लेअरवर ‘ईएसी३ सपोर्टेड नाही’ अशा अर्थाचा मेसेज आपल्याकडे किती जणांनी पाहिलाय! ईएसी३ हा डॉल्बीचा आवाजाचा फॉरमॅट, डीटीएस हा तसाच दुसरा; त्यांच्या परवान्यांमुळे त्या ॲपने हे फॉरमॅट काढून टाकले. त्याचं कस्टम कोडेक शोधत अनोळखी साइटी पालथ्या घालण्यापेक्षा प्ले स्टोअरवरून व्हीएलसी घ्या, विषय संपला.

‘कोडेक मिसिंग’चा बोर्ड दिसला की क्लिक करणं

इथे जरा थांबू, कारण बाकीच्या चुकांत फार तर वेळ जातो, या चुकीत मशीन जातं.

विंडोज एक्सपीच्या काळात कोडेक पॅक टाकावेच लागायचे, आणि ती सवय अजून हाडात आहे. तिचा फायदा २००५-०६पासूनच चोरांनी उचलला. झ्लॉब नावाचा ट्रोजन, म्हणजे कामाच्या प्रोग्रामचं सोंग घेऊन शिरणारं मालवेअर, ‘हा व्हिडिओ बघायला कोडेक लागेल’ असं सांगूनच पसरला होता. लोक स्वतःच्या हाताने तो इन्स्टॉल करत होते. युक्ती आजही तीच आहे, फक्त बोर्ड बदलतात. ‘फ्लॅश प्लेअर अपडेट करा’ हा त्यातलाच एक. ॲडोबीने फ्लॅशचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केला, त्यामुळे त्यानंतरचा असा प्रत्येक मेसेज खोटा, अपवाद नाही. जुन्या एफएलव्ही फाइल पडून असतील तर त्यांनाही फ्लॅश लागत नाही, व्हीएलसीत त्या सरळ चालतात.

व्हीएलसी आणि एमपीव्ही स्वतःचे कोडेक स्वतःबरोबर घेऊन येतात. म्हणून व्हिडिओच तुम्हाला काही इन्स्टॉल करायला सांगू लागला तर त्या फाइलचा हेतू चांगला नाही असं समजा. विंडोजचा स्वतःचा मीडिया प्लेअर एच.२६५साठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं एक्स्टेंशन (इथे अर्थ जोड-प्रोग्राम) मागतो आणि त्याला थोडे पैसे पडतात; एव्ही१चं एक्स्टेंशन फुकट आहे. ते सोडून दुसरं कुठलंही ‘कोडेक’ घेऊ नका.

‘पिक्चर.एमपी४.ईएक्सई’ हा प्रकारही अजून चालतो, कारण विंडोज मूळ सेटिंगमध्ये ओळखीचं एक्स्टेंशन लपवतं आणि तुम्हाला दिसतं फक्त ‘पिक्चर.एमपी४’. विंडोज ११मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो’खाली ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करून ठेवा. घरातल्या प्रत्येक मशीनवर करा.

आता प्लेअर कुठून घ्यायचा? व्हीएलसी पॅरिसच्या एकोल सेंट्राल कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून आलं (रस्त्यावरचे केशरी शंकू गोळा करण्याच्या त्यांच्या छंदातून तो आयकॉन आला), आणि आज ते व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था सांभाळते. साइट व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी लिंक तीच असेल असं नाही; ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेल्या ओळी ओलांडून खाली या. २०२२मध्ये ही साइट भारतात बरेच महिने ब्लॉक होती आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा खुली झाली. त्या दिवसांत कुठल्या तरी डाउनलोड साइटवरून घेतलेला इन्स्टॉलर आजही फोल्डरमध्ये असेल तर तो काढून नवा घ्या. इन्स्टॉलर खरा की नाही हे बघायला त्यावर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिजिटल सिग्नेचर्स’ टॅब. तिथे व्हिडिओलॅनचं नाव हवं. टॅबच नसेल तर चालवू नका.

मूळ साइट वापरली की शंभर टक्के निश्चिंत, असंही नाही. मे २०१७मध्ये हँडब्रेक या चांगल्या नावाच्या कन्व्हर्टरचा एक डाउनलोड सर्व्हर हॅक झाला आणि २ ते ६ मे या काळात मॅकवर उतरवलेल्या काही प्रतींत प्रोटॉन नावाचं मालवेअर होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एल्मीडिया प्लेअरचंही तेच झालं. म्हणून डाउनलोडशेजारी छापलेला चेकसम, म्हणजे त्या फाइलचा अंक-अक्षरी ठसा, आपल्या फाइलच्या चेकसमशी ताडून बघण्याची सवय चांगली, विशेषतः ऑफिसच्या मशीनवर.

बंद पडलेले प्लेअर मशीनवर ठेवू नका. विंडोजवरचा क्विकटाइम ॲपलने २०१६मध्येच वाऱ्यावर सोडला आणि अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणेने तो काढून टाका असं सांगितलं. तरी जुन्या पीसींवर तो सापडतोच. मीडिया प्लेअर क्लासिक होम सिनेमाच्या मूळ टीमने २०१७मध्ये काम थांबवलं, पुढचं काम गिटहबवर चालू आहे, तेव्हा घ्यायचा असेल तर तिथूनच. व्हीएलसीही अपडेट करत राहा. २०१७मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं होतं की नुसत्या सबटायटल फाइलमधून व्हीएलसी आणि कोडीसारख्या प्लेअरमध्ये शिरता येतं. ती भोकं तेव्हाच बुजवली गेली, पण बुजवलेली आवृत्ती तुमच्याकडे असली पाहिजे.

चित्र अडकतंय, हिरवं पडतंय

हिरवी किंवा गुलाबी पडदी, चौकोनी ठिपके, पण आवाज व्यवस्थित, असं असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर आणि प्लेअर यांचं जमत नाहीये. व्हीएलसीत ‘टूल्स’, ‘प्रेफरन्सेस’, ‘इनपुट/कोडेक्स’ आणि तिथे ‘हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड डिकोडिंग’ला ‘डिसेबल’ करा. व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडा.

याउलट चित्र धक्के खात पुढे जातंय आणि लॅपटॉपचा पंखा घोंघावतोय, तर मशीन कमी पडतंय. इंटेलच्या प्रोसेसरांमध्ये १०-बिट एच.२६५ हार्डवेअरने सोडवण्याची सोय सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ची अकराव्या पिढीपासून आहे. चौथ्या पिढीच्या आय३वर असा ४के व्हिडिओ कुठल्याही प्लेअरने लोण्यासारखा चालणार नाही. त्याच व्हिडिओची १०८०पी, एच.२६४ प्रत घ्या. १५ इंची स्क्रीनवर फरक शोधावा लागेल.

ओठ आणि आवाज पुढेमागे होत असतील तर व्हीएलसीत चालू व्हिडिओवर जे आणि के या कळांनी आवाज सरकवता येतो. सबटायटलसाठी जी आणि एच.

टीव्ही

लॅपटॉपवर चालतं ते टीव्हीवर चालेल ही अपेक्षा सोडा. टीव्हीचा प्लेअर बदलता येत नाही आणि त्याला चालणाऱ्या फॉरमॅटची यादी ठरलेली असते; सॅमसंगने तर २०१८पासूनच्या टीव्हींतून डीटीएस आवाजच काढला. एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेली एमपी४, ही सगळ्यात सुरक्षित जोडी. आतला कोडेक बरोबर असून फक्त वेष्टन अडत असेल तर लॉसलेसकटसारख्या टूलने ते मिनिटभरात बदलतं, दर्जा जराही न उतरता. कोडेकच बदलायचा असेल तर हँडब्रेक, आणि त्याला वेळ लागतो. घरच्या लग्नाचा व्हिडिओ कुठल्या तरी ‘ऑनलाइन कन्व्हर्टर’ला देऊ नका. आणि पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जाणारच नाही; एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, त्याआधी टीव्ही ते वाचतो का बघा.

ॲपमधलं डाउनलोड बाहेर शोधणं

यूट्यूब, नेटफ्लिक्स, प्राइम यांच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ दाबलं की जे येतं ते कुलूपबंद असतं. ते त्याच ॲपमध्ये, त्याच खात्यावर आणि मुदतीतच चालतं. ते उघडून देतो म्हणणारा प्लेअर तुमच्याकडून दुसरंच काहीतरी घेणार आहे.

मराठी सबटायटलचे चौकोन

मराठी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर व्हीएलसीच्या ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘सबटायटल्स/ओएसडी’ टॅबमध्ये डिफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ करा आणि फॉन्ट निर्मला यूआय निवडा. सबटायटलची एसआरटी फाइल तुम्हीच लिहिली असेल तर नोटपॅडमध्ये ‘सेव्ह ॲज’ करताना तेच एन्कोडिंग हवं. जोडाक्षरं सुटी दिसत असतील तर बहुधा व्हीएलसी फार जुनं आहे, ३.० किंवा त्यापुढचं घ्या. आणि चौकोनांऐवजी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक काला दिसत असेल तर ती सबटायटलं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. त्यांना एन्कोडिंग बदलून फरक पडणार नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग पुन्हा सेव्ह करा.