मृगाआधी लॉनच्या पाण्याला वाट काढा

रोहिणी लागली आहे, ७ जूनच्या सुमाराला मृग निघेल. लॉन लावणाऱ्यांची घाई याच दिवसांत असते. लग्नाच्या लॉन्सचे मालक, फार्महाऊसवाले, बंगल्यापुढे गुंठा-दोन गुंठे मोकळी जागा असलेले, सगळे एकच विचारतात, गवत कोणतं लावू? मी उलट विचारतो, जागेवरचं पाणी जातं कुठे? याचं उत्तर तयार नसेल तर गवताची उचल अजून देऊ नका.

काळ्या रानातलं लॉन उन्हाने मेलेलं मी फार थोड्यांदा पाहिलं. ते मरतं श्रावणाच्या झडीत. एका शेतकऱ्याने कापसाच्या एकरभर रानात लग्नासाठी लॉन केलं. जूनमध्ये तयार गवताच्या पट्ट्या अंथरल्या, जुलैभर डोळे निवावेत असं हिरवं होतं. ऑगस्टमध्ये आठ दिवस झड लागली आणि मधला पट्टा पिवळा पडला. दुकानदाराने आधी युरिया दिला, मग टॉनिक, मग बुरशीनाशक. मी गेलो तेव्हा पट्ट्यातल्या गवताचा कोपरा धरून उचलला, तर सतरंजीसारखा सगळा वर आला. खाली पांढरं मूळ एक नव्हतं. तपकिरी धागे होते, चिमटीत धरले की साल सुटून हातात येत होती. मातीला सडक्या अंड्याचा वास. वर तीन इंच विकतची लाल माती, खाली दाबलेली काळी, आणि दोन्हींच्या मध्ये पाणी थांबलेलं. त्या पाण्याला बाहेर जायला एक चर खोदला असता तर पुढचा सगळा खर्च वाचला असता.

काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली उतरणं जवळपास थांबतं. वर लाल माती टाकली म्हणून खालची जमीन बदलत नाही. उलट वरचा थर स्पंजासारखा भरून राहतो आणि मुळांना हवा मिळत नाही. त्यात चारी बाजूंनी कडेचे ठोकळे उंच बसवलेले असतात, म्हणजे लॉनची परातच झाली.

आजच करायची परीक्षा: जागेच्या सगळ्यात सखल भागात एक फूट खोल खड्डा घ्या. दुपारी पाण्याने भरा, जिरू द्या, संध्याकाळी पुन्हा काठोकाठ भरा. सकाळी खड्ड्यात पाणी दिसलं तर चर काढल्याशिवाय लागवड नाही.

उतार डोळ्याने ठरवू नका. गवंड्याकडची लेव्हलची नळी आणा, दोरी ताणा. १०० फुटांना किमान १ फूट उतार हवा, भारी काळ्या जमिनीत दीड ते दोन फूट. उतार घराच्या पायाकडे नको. मग १२ ते १५ फुटांवर चर घ्या, एक फूट रुंद, दीड ते दोन फूट खोल. त्यात भोकं पाडलेला चार इंची पाइप, भोवती खडी, खडीवर जाळीचं कापड, वर वाळूमिश्रित माती. पाइपचं तोंड उघड्या नाल्यात किंवा चारीत सोडा. अनेकजण शोषखड्डा करून मोकळे होतात. काळ्या मातीतच संपणारा शोषखड्डा पहिल्या झडीत भरतो आणि पाणी परत लॉनमध्ये ढकलतो. खाली मुरूम लागेपर्यंत खोदणार असाल तरच त्याचा उपयोग.

मृगाआधी हे काम उरकत नसेल तर लागवड पुढे ढकला. माझा अनुभव असा की काळ्या रानात पोळ्यानंतर लावलेलं गवत जूनच्या घाईतल्या गवतापेक्षा चांगलं धरतं. पुस्तकं पावसाळ्याची सुरुवात सांगतात, आणि निचऱ्याच्या जमिनीत ते बरोबर आहे. कोकणात, गोव्यात जांभ्यावर पाणी थांबत नाही, तिथे बेधडक जूनमध्ये लावा. तिथली अडचण खत वाहून जाण्याची, म्हणून ते थोडं थोडं विभागून द्या.

लॉन आधीच असेल तर सखल बाजूचे कडेचे चार-दोन ठोकळे आज काढा. टोकदार सळईने चार-चार इंचांवर चार इंच खोल भोकं पाडा आणि त्यांत जाड वाळू झाडून भरा. ओल्या लॉनवर रोलर फिरवू नका, मांडवाचे ट्रक तर अजिबात नकोत.

गवताबद्दल थोडक्यात. उन्हात हरळीच्या जाती, म्हणजे सिलेक्शन वन किंवा बर्म्युडा. सावलीत रुंद पानाचं कार्पेट गवत. मेक्सिकन दिसायला मऊ, पण महाग आणि हळू पसरणारं. पुण्याजवळच्या उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या नर्सऱ्यांकडून गवत आणत असाल तर गाडी भरण्याआधी एक तुकडा उलटा करून लव्हाळ्याच्या, म्हणजे चिवट तणाच्या, गाठी तपासा.

नेहमीची कामं:
- नांगरट ९ ते १२ इंच, ढेकळं फोडणे
- पाणी देऊन तण उगवू देणे, लव्हाळा गाठीसकट खणणे, दोनदा
- कुजलेलं शेणखत गुंठ्याला ४०० ते ५०० किलो
- गवताच्या काड्या ३ ते ४ इंचांवर टोचणे
- महिन्याने युरिया गुंठ्याला १ किलो, पानं कोरडी असताना, लगेच पाणी
- कापणी दीड इंचावर, पावसाळ्यात दोन इंचांवर, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही

पावसाळ्यात पिवळेपणा दिसला की दुकानाकडे धावू नका. आधी खुरप्याने वीतभर माती उचला, वास घ्या, मुळं पाहा. वास येत असेल तर कुठलंही टॉनिक चालणार नाही, पाणी काढा. मुळं पांढरी, माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, आणि नवी पानं शिरा सोडून पिवळी असतील तर ती लोहाची कमतरता. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम फवारा. फरशीवर थेंब पडू देऊ नका, तांबूस डाग जात नाहीत.

हुमणीचा, म्हणजे गवताची मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचा, धोकाही याच पंधरवड्यात आहे. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर बसतात. अंधार पडल्यावर फांद्या हलवा आणि पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. शेजारपाजारच्यांनी मिळून तीन-चार संध्याकाळी केलं तर फरक पडतो. मेटारायझियम, म्हणजे हुमणीला मारणारी बुरशी, तिची मात्रा हेक्टरी २० किलो, म्हणजे गुंठ्याला २०० ग्रॅम, शेणखतात मिसळून ओल्या मातीवर. पाण्याखाली गुदमरलेल्या लॉनवर मात्र हेही टाकू नका, पैसे जातील.

पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन जागेवर जा, सोबत वीसेक खुंट्या घ्या. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने जिथे जिथे पाणी दिसेल तिथे खुंटी ठोका. दुसऱ्या दिवशी त्या खुंट्या जोडत चर काढा.