मिक्सर घ्यावा की ग्राइंडर? बेळगाव परिसरातील स्वयंपाकघरासाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांत दोन प्रकारचे वाटणे सतत चालू असते. एकीकडे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण, शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची चटणी, सणाचे पुरण. दुसरीकडे इडली, डोसा, उत्तप्पा आणि आंबोळी. पहिल्या कामाला वेगाने फिरणारे पाते लागते, तर दुसऱ्याला दगडाची संथ रगड. म्हणून खडेबाजारात किंवा निपाणीच्या बाजारपेठेत दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आपल्या घरी आठवड्याला काय वाटले जाते आणि किती वाटले जाते, याचा हिशेब मांडावा. दुकानदार बोलायला सुरुवात करतो ती वॉटपासून. आपण मात्र सुरुवात करावी ती उडदाच्या डाळीपासून.

उडीदडाळ मिक्सरमध्ये वाटली की पाते ती कापत जाते. ग्राइंडरमध्ये दगडी तळ आणि वरवंटे यांच्यामध्ये ती चिरडली जाते आणि त्याच वेळी पिठात हवा मिसळत राहते. त्यामुळे तेवढ्याच डाळीचे पीठ ग्राइंडरमध्ये जास्त फुगते आणि इडली हलकी होते. पीठ नीट वाटले गेले आहे का हे पाहण्यासाठी त्याचा लहानसा गोळा वाटीभर पाण्यात सोडावा. तो तरंगला तर हवा पुरेशी मिसळली आहे, तळाशी बसला तर अजून वाटायला हवे. मिक्सरच्या वेगामुळे पीठ तापते हीदेखील खरी अडचण आहे, पण बर्फाचे पाणी थोडेथोडे घालून आणि मधे थांबून ती बरीच आटोक्यात ठेवता येते. पावसाळ्यात आणि थंडीत बेळगावच्या हवेत पीठ उशिरा आंबते, त्याचा दोष मात्र यंत्राला देऊ नये. त्या दिवसांत भांडे उबेला ठेवणे आणि आंबायला जास्त वेळ देणे हाच इलाज आहे.

आता आपल्याकडचा एक महत्त्वाचा तपशील लक्षात घ्यावा. अनेक घरांत इडलीसाठी तांदूळ न वाटता तयार इडली रवा भिजवून वापरतात, आणि मग वाटण्याचे काम उरते ते फक्त उडदाचे. चार माणसांच्या घरात आठवड्यातून एकदा इडली होत असेल आणि ती रव्याची असेल, तर केवळ तेवढ्यासाठी ग्राइंडर घेणे मला अनावश्यक वाटते. चांगल्या मिक्सरच्या दीड लिटरच्या भांड्यात भिजवलेली पाव किलो डाळ दोन वेळा विभागून घातली की काम होते. याउलट तांदूळही घरीच वाटला जातो, घर सात-आठ माणसांचे आहे, डोसे एक दिवसाआड होतात किंवा कोणी घरगुती ऑर्डरी घेते, अशा घराने ग्राइंडरबद्दल फार विचार करत बसू नये. तो घ्यावा.

वीज जास्त जाईल या भीतीने अनेक जण ग्राइंडर टाळतात. २०२३ मध्ये कर्नाटक सरकारने मोफत विजेची गृहज्योती योजना सुरू केल्यापासून ही भीती वाढली आहे, कारण त्या योजनेत प्रत्येक घराचा मोफत विजेचा वाटा त्याच्या जुन्या सरासरी वापरावर बेतलेला आहे आणि कमाल मर्यादा २०० युनिटांची आहे. पण साधा हिशेब करून पाहावा. १५० वॉटचा ग्राइंडर चाळीस मिनिटे चालला तर ०.१ युनिट वीज लागते, ७५० वॉटचा मिक्सर दहा मिनिटे चालला तर ०.१२५ युनिट. महिन्यात आठ वेळा वाटले तरी दोन्हींपैकी कोणत्याही यंत्राचा खर्च एक युनिटाच्या आसपासच राहतो. तेव्हा विजेच्या बिलावरून ही निवड करू नये.

विजेचा दाब मात्र विचारात घ्यावा. खानापूर तालुक्यातील पावसाच्या गावांत, आणि उन्हाळ्यात इतरत्रही, दाब उतरतो. अशा वेळी मिक्सर संथ पण चालू राहतो. ग्राइंडरची मोटर वेगळ्या जातीची असते. भरलेल्या ड्रमसह ती सुरू करायला गेले तर ती नुसतीच घुमते आणि फिरत नाही, आणि तशीच चालू ठेवली तर जळण्याचा धोका असतो. म्हणून ग्राइंडर नेहमी थोडे पाणी घालून रिकामा सुरू करावा आणि तो फिरू लागल्यावर डाळ मुठीमुठीने सोडावी. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची क्षमता आधी तपासावी, कारण लहान इन्व्हर्टरवर ७५० वॉटचा मिक्सर चालवणे योग्य नाही.

मिक्सर घ्यायचे ठरले तर ५०० वॉट रोजच्या चटणीला आणि ओल्या वाटणाला पुरतात. हळकुंड, सुके खोबरे, उडीदडाळ असे कठीण किंवा चिकट जिन्नस वरचेवर दळायचे असतील तर ७५० वॉट घ्यावेत. त्यापलीकडचे १००० वॉट बहुतेक घरांत आवाज तेवढा वाढवतात. वॉटपेक्षा भांड्यांकडे अधिक लक्ष द्यावे. लहान चटणीचे भांडे आपल्याकडे सर्वाधिक वापरले जाते, तेव्हा त्याचे पाते तळाच्या किती जवळून फिरते ते पाहावे. पाते उंच असेल तर दोन-चार लसूणपाकळ्या आणि मूठभर शेंगदाणे घातल्यावर ते खालीच फिरत राहतात. झाकण दुकानातच लावून पाहावे, भांडे बसवून हलवून पाहावे, आणि तळाचा रबरी कपलर, म्हणजे मोटर आणि पाते जोडणारा तुकडा, त्याच बाजारात सुटा मिळतो का हे विचारावे, कारण मिक्सरचा पहिला झिजणारा भाग तोच असतो. यंत्रावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४२५० हा क्रमांक आहे का तेही पाहावे. तळाच्या पट्टीवर सलग किती मिनिटे चालवावा आणि किती वेळ थांबावे हे लिहिलेले असते. तो नियम मोडला की बहुतेक मिक्सर आपोआप बंद पडतात आणि तळाचे लाल बटण दाबल्यावर, थंड झाल्यावरच, पुन्हा सुरू होतात.

शेंगदाण्याची चटणी करताना मिक्सर सलग फिरवू नये. शेंगदाण्याला तेल सुटून चटणीचा गोळा होतो, म्हणून बटण उलट्या बाजूला धरून झटक्याझटक्याने फिरवावे. गरम पुरण किंवा गरम वाटण बंद भांड्यात घालू नये, कारण आतली वाफ झाकण उडवते. भांड्याखाली काळे, तेलकट पाणी दिसू लागले तर पात्याच्या दांड्याचे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, झिजले आहे असे समजावे आणि ते बदलेपर्यंत त्या भांड्यात काही वाटू नये.

वर्षाच्या चटणीसाठी यांपैकी कोणतेही यंत्र योग्य नाही, हेही सांगायला हवे. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या एकत्र करून केलेली कांदा-लसूण चटणी डंकावर कुटून आणणेच चांगले. मिक्सरमध्ये ती किलोकिलोने करायला गेले की मिरची तापून रंग उतरतो, आणि ग्राइंडरमध्ये सुके जिन्नस घालायचेच नसतात.

ग्राइंडर निवडताना ड्रम कोण उचलणार हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा. कोइमतूरच्या धर्तीचे टेबलटॉप ग्राइंडर दोन लिटरचे असले तरी दगडांमुळे जड असतात. ड्रम आणि वरवंटे प्रत्येक वेळी काढून धुवावे लागतात, आणि घरातील वयस्कर बाईंना ते झेपणार नसेल तर यंत्र महिन्याभरात माळ्यावर जाते. म्हणून दुकानात त्यांनाच सोबत न्यावे आणि ड्रम उचलून पाहायला सांगावे. बऱ्याच ग्राइंडरांसोबत नारळ खवण्याची आणि कणीक मळण्याची जोडणी मिळते. ओल्या खोबऱ्याचा स्वयंपाक जास्त असलेल्या घरात खवणीची जोडणी खरोखर उपयोगी पडते, कणकेच्या जोडणीवर मात्र मी फारसा भर देणार नाही.

खरेदी कोल्हापूरला करावी की बेळगावात, हा प्रश्न निपाणीकडच्या वाचकांना हमखास पडतो. किमतीत थोडा फरक पडतो, पण दुरुस्तीसाठी ते जड यंत्र पुन्हा कुठे न्यावे लागेल याचा विचार करून त्या कंपनीचे सेवा केंद्र जवळच्या शहरात आहे का ते आधी विचारावे. बिल आणि हमीपत्र दुकानाच्या शिक्क्यासह घ्यावे.

ग्राइंडर घरी आल्यावर दगड स्वच्छ धुऊन त्यात मूठभर भिजवलेले तांदूळ पाणी घालून वाटावेत आणि ते पीठ टाकून द्यावे. पाण्यात दगडाची कच किंवा करडा रंग दिसेनासा होईपर्यंत हे पुन्हा करावे, आणि मगच पहिल्या इडलीची डाळ भिजत घालावी.