पाठ पहिल्यांदा भरवण्याआधी कशी तपासावी

काही वर्षांपूर्वी बाजारातून आणलेली एक पांढरी, भुंडी (बिनशिंगाची) पाठ, म्हणजे अजून न व्यायलेली तरुण शेळी, मी चौदा महिने सांभाळली. अंगानं कळपात सगळ्यात भरदार. शेवरी, सुबाभूळ, मक्याचा भरडा, कशातच कमी पडू दिलं नाही. तिच्या बरोबरीच्या पाठी गाभण राहिल्या, व्यायल्या. ही मात्र शेळ्यांवर चढायची, ढुशा द्यायची आणि माजाचं नाव नाही. शेवटी डॉक्टरांनी तिची शेपटी वर केली, निरणाचे, म्हणजे योनीच्या बाहेरच्या तोंडाचे, ओठ दोन बोटांनी बाजूला केले आणि मला वाकून बघायला सांगितलं. आत खालच्या टोकाला मोड आलेल्या वाटाण्यासारखा मांसाचा कोंब होता. म्हणजे पाठ जन्मतःच वांझ होती. रोज दोन वेळा मी तिला चारा टाकत होतो, पण तिथं कधी पाहिलंच नव्हतं.

सिन्नर, येवला, नांदगाव या पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही. दोन-चार शेळ्यांवर घरखर्च निघतो, अशी कितीतरी घरं आहेत. तिथं एक वांझ पाठ वर्षभर पोसणं परवडत नाही. या तपासणीला खर्च काही नाही. सकाळचा उजेड हवा, पाठ धरायला एक माणूस हवा आणि दहा मिनिटं हवीत.

आधी वय आणि वजन

संगमनेरी किंवा उस्मानाबादी पाठ साधारण 8 ते 10 महिन्यांत भरवण्याजोगी होते, पण वयापेक्षा वजन बघा. मोठ्या शेळीच्या वजनाच्या दोन-तृतीयांश, म्हणजे आपल्याकडच्या जातींत 20 ते 22 किलो झाल्याशिवाय बोकड लावू नका. काटा नसेल तर टेपनं पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्या आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. घेर 26 आणि लांबी 24 आली तर वजन साडेचोवीस किलोच्या आसपास धरायचं.

आणखी एक खात्री करून घ्या: ती आधीच गाभण तर नाही ना. बोकडं तीन-चार महिन्यांची झाली की अंगावर चढायला लागतात, आणि पाठीही लहानपणीच माजावर येऊ शकतात. म्हणून तीन महिन्यांच्या आसपास नर वेगळे बांधायचे. ते राहून गेलं असेल तर डॉक्टरांकडून सोनोग्राफी करून घ्या, महिनाभराचा गाभ त्यात दिसतो.

शेपटीखाली काय बघायचं

पाठ भिंतीला लागून उभी करा. एकानं मान आणि छाती धरायची, दुसऱ्यानं हात धुऊन मागं बसायचं. शेजारी एक व्यायलेली शेळी बांधून ठेवा. नव्या माणसाला फरक कळतो तो दोघींकडे आलटून पालटून पाहिल्यावरच.

गुदद्वाराच्या लगेच खाली निरण असतं. दोन ओठ सारखे, खालचं टोक थोडं निमुळतं. ओठ हलकेच बाजूला केले तर खालच्या टोकाशी मांसाचा बारीक दाणा जेमतेम दिसतो किंवा दिसतही नाही. हे झालं निरोगी पाठीचं. संशय केव्हा घ्यायचा? दाणा बाहेर डोकावतोय किंवा हाताला कोंबासारखा लागतोय, निरण वयाच्या मानानं फारच बारीक आहे, गुदद्वार आणि निरण यांच्यात नेहमीपेक्षा जास्त अंतर पडलंय. यातलं एकही दिसलं तरी वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. निरणातून लेंडी येत असेल तर तो जन्मजात दोष आहे, अशी पाठ भरवायची नाही.

निरणाच्या आत काडी, नळी, बोट काहीही घालू नका. आतली वाट आखूड आहे का, बंद आहे का, हे डॉक्टर निर्जंतुक साधनानं बघतात. आपण घातलं तर जखम होते, पू होतो आणि चांगली पाठ हातची जाते.

मग ती मुतेपर्यंत थांबा. हा भाग लोक टाळतात, पण मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. पाठ मागचे पाय वाकवून बसते आणि धार सरळ मागं जाते. धार खाली पायांवर पडत असेल किंवा वर उडत असेल, तर पुन्हा एकदा निरण नीट पाहा.

शेवटी मांड्यांच्या मधे, कासेच्या दोन्ही बाजूंना हात फिरवा. गुळगुळीत, बोटांखालून सटकणारी गोटी लागली तर ती अंडगोळी असू शकते. तिथं साध्या गाठीही असतात, त्यामुळे तुम्ही स्वतः निकाल लावू नका.

शिंगांचा हिशेब

माझी ती पाठ भुंडी होती, हा योगायोग नव्हता. शेळीत भुंडेपणाचं जनुक प्रबळ असतं, आईबापांपैकी एकाकडून आलं तरी करडू भुंडं होतं. पण मादीला ते दोघांकडून आलं तर तिचे बीजांडकोश नीट घडत नाहीत, ते नराच्या वळणावर जातात आणि पाठ वांझ निघते. शेळीच्या पहिल्या गुणसूत्रावरचा एक तुकडा गळाल्यानं भुंडेपणा आणि हा दोष एकत्र येतात, हे 2001 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं. सानेन, अल्पाईन या युरोपीय जातींत याचा बराच अभ्यास झालाय. आपल्याकडे सानेन संकर आहेत, आणि उस्मानाबादी शेळ्यांत भुंड्या भरपूर असतात.

म्हणून नियम एकच: भुंड्या शेळीला शिंगाचा बोकड. भुंड्याला भुंडी लावली तर होणाऱ्या दर चार पाठींमागे सरासरी एक अशी निघू शकते. शिंगं डागलेला बोकड इथं भुंडा धरायचा नाही, त्याच्या रक्तात शिंगं आहेतच. करडू जन्मलं की कपाळावरचे केसांचे भोवरे पाहून ठेवा. शिंगाच्या करडाला दोन असतात, भुंड्याला बहुधा मधोमध एकच.

शिंगाची पाठ आहे म्हणून तपासणी मात्र सोडू नका, दोष इतर कारणांनीही येतात.

जुळ्यांबद्दल एक गैरसमज इथंच काढून टाकू. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुतेक वेळा वांझ निघते, हे खरं आहे. शेळीत तसं क्वचितच होतं. आपल्या जातींत जुळी नेहमीचीच, त्यामुळे बोकडाबरोबर जन्मली म्हणून चांगली पाठ विकून टाकू नका.

सड आणि बाकीचं अंग

सड दोनच हवेत, एका उंचीवर, वेगवेगळे. प्रत्येक सड अंगठा आणि बोटात धरून हलकेच फिरवा. दुभंगलेलं टोक, मुख्य सडाला चिकटलेला छोटा जादा सड, छिद्र नसलेला सड, हे सगळं पुढं करडांना पाजताना आणि धार काढताना नडतं. बेंबीला फुगवटा आहे का ते पाहा. खालचा-वरचा जबडा जुळतो का तेही पाहा, कारण जबडा पुढं-मागं असेल तर चारा नीट तोडता येत नाही आणि हा दोष करडांत उतरू शकतो.

माज येत नसेल तर

अंगात दोष दिसत नाही, वजन भरलंय, तरी माज नाही, अशा वेळी लगेच वांझ म्हणू नका. आधी जंताचं औषध द्या, क्षारमिश्रण सुरू करा. दूर ठेवलेला बोकड पोटाला गोणपाट बांधून (म्हणजे चढला तरी भरवणार नाही) पाठींजवळ आणा. नवा बोकड जवळ आला की बऱ्याच पाठी माजावर येतात. शेपटी सतत हलते, ओरडते, निरण सुजून लाल दिसतं, सोट म्हणजे चिकट स्राव येतो. माज साधारण 21 दिवसांनी फिरतो, म्हणून पूर्ण दोन फेऱ्या, म्हणजे सहा आठवडे वाट पाहा. तरीही काही नाही आणि उलट तीच इतरांवर चढते, तिच्या अंगाला बोकडाचा वास येतो, असं असेल तर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा 1962 वर फोन करून फिरतं पथक बोलवा.

विकत घेतलेली पाठ कळपात सोडण्याआधी ब्रुसेल्लासाठी रक्त तपासून घ्या. या रोगानं गाभ पडतात आणि तो माणसालाही लागतो. गाभडलेलं करडू, वार उघड्या हातानं उचलू नका.

दोष पक्का ठरलेली पाठ मांसासाठी द्यायला हरकत नाही, मांसात काही खोट नसते. मात्र विकताना घेणाऱ्याला सांगा, नाहीतर तो तिला भरवायला नेईल आणि वर्षभर वाट बघत बसेल. मग वही काढा आणि तिच्या आईबापाच्या नावापुढं शिंगं होती की नव्हती ते लिहून ठेवा. पुढच्या हंगामात त्याच आईला कोणता बोकड लावायचा, ते त्या एका ओळीवरून ठरवता येतं.