कॉर्न स्नेकचं पिल्लू घरी आणताना

लंडनमध्ये कॉर्न स्नेक, म्हणजे अमेरिकेतला एक बिनविषारी साप, पाळायला परवाना लागत नाही. लेकीने हट्टाने पिल्लू आणलं, पेन्सिलीएवढं जाड. देखरेख अर्थातच आईकडे.

पहिला आठवडा हात लावू नका, फक्त पाणी बदला. डबा लहानच घ्या. मोठ्या, उघड्या जागेत पिल्लू बावरतं, खाणं सोडतं. झाकणाला कडी हवीच, बारीकशी फटही त्याला पुरते. एका टोकाला थर्मोस्टॅट (तापमान आवरणारं उपकरण) लावलेली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, तिथे २९-३० अंश. दुसरं टोक २४ च्या आसपास. लपायला जागा दोन्हीकडे.

खाणं म्हणजे गोठवलेली, केस न फुटलेली उंदराची पिल्लं, पाच-सात दिवसांनी एक. रात्री फ्रीजमध्ये वितळवा, मग पिशवीसकट कोमट पाण्यात. मायक्रोवेव्ह नको! चिमट्याने समोर धरलं की आमचं बाळ आधी जीभ लपलपवतं, मान मागे घेतं, आणि झडप. त्यानंतर दोन दिवस उचलायचं नाही, नाहीतर ओकतं.

डोळे दुधाळ निळसर झाले की कात जवळ आली. ओलं शेवाळ ठेवा. नंतर शेपटीच्या टोकाला कात अडकलीय का बघा.

आणि हो, भारतातल्या मंडळींनी हे वाचून धामण पाळायला घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.