अमेरिकेत आश्रय मागणाऱ्या कुटुंबाला मदत कशी करावी

आपल्या वस्तीत आश्रयाचा, म्हणजे मायदेशी छळाची भीती असल्याने इथे संरक्षण मागण्याचा, अर्ज करणारे कुटुंब राहायला आले, तर प्रथम त्यांच्या कागदांवरच्या तारखा त्यांच्याबरोबर बसून पाहाव्यात. आश्रयाचा आय-589 हा अर्ज सामान्यतः देशात आल्यापासून 1 वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. घर बदलल्यास नवा पत्ता इमिग्रेशन खात्याला 10 दिवसांत आणि प्रकरण इमिग्रेशन न्यायालयात असेल तर त्या न्यायालयाला वेगळा, 5 दिवसांत कळवावा लागतो. जुन्या पत्त्यावर गेलेल्या नोटिशीमुळे सुनावणी चुकली, तर गैरहजेरीतच देशाबाहेर काढण्याचा आदेश निघू शकतो.

त्यानंतर वकील शोधावा. या न्यायालयांत सहसा सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. मात्र विनामूल्य काम करणाऱ्या वकिलांची आणि संस्थांची यादी न्याय खाते प्रसिद्ध करते. फोन आपण लावून द्यावेत, पण अर्जात काय लिहावे याचा सल्ला कधीही देऊ नये. ते काम परवानाधारक वकिलाचे किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीचे आहे.

मराठी माणसाचा खरा उपयोग भाषेसाठी होतो. पंजाब, हरियाणा, गुजरात येथूनही लोक आश्रय मागतात आणि आपल्यापैकी अनेकांना हिंदी किंवा गुजराती चांगली येते. आश्रय कार्यालयातील मुलाखतीसाठी, इंग्रजी न येणाऱ्या अर्जदाराला दुभाषी स्वतः आणावा लागतो. तो किमान 18 वर्षांचा असावा. अर्जदाराचा वकील किंवा साक्षीदार नसावा. सांगणारा अडखळला, मागेपुढे बोलला, तरी दुभाष्याने ते जसेच्या तसे पोहोचवावे. हकीगत नीटनेटकी करण्याचा मोह अर्जदाराला महागात पडतो. जन्मदाखला, पोलिसांतील तक्रार अशा कागदांचे भाषांतरही आपण करू शकतो. सोबत ते पूर्ण व अचूक असल्याचे आणि आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचे सहीनिशी लिहून द्यावे लागते. जे ऐकले, वाचले ते मंडळाच्या कार्यक्रमात किंवा व्हॉट्सॲपवर कदापि बोलू नये, कारण गावी राहिलेल्या माणसांच्या जिवावर बेतू शकते.

मुलांच्या शाळेसाठी थांबण्याचे कारण नाही. प्लायलर विरुद्ध डो या 1982 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, इमिग्रेशनच्या कागदांअभावी मुलांना सरकारी शाळेचे मोफत शिक्षण नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला आहे. प्रवेशाच्या दिवशी पालकांसोबत जावे, पत्त्याचा पुरावा आणि लसीकरणाची नोंद जवळ ठेवावी, आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी असलेल्या वर्गाची चौकशी तेव्हाच करावी.