पीएचपीमध्ये चालू फाइलचे नाव कसे मिळवावे

पीएचपी या वेब प्रोग्रामिंग भाषेत चालू फाइलचे नाव हवे असेल, तर आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी: ज्या फाइलमध्ये ती ओळ लिहिली आहे तिचे नाव हवे आहे, की ब्राउझरने मागवलेल्या मूळ स्क्रिप्टचे? पहिल्यासाठी इंग्रजी कॅपिटल अक्षरांतील 'फाइल' या शब्दाच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर देऊन लिहिला जाणारा स्थिरांक वापरावा. तो फोल्डरांसह संपूर्ण पाथ देतो आणि 'बेसनेम' या फंक्शनमधून नेल्यावर केवळ नाव उरते.

मात्र हा स्थिरांक 'हेडर' फाइलमध्ये लिहून ती 'संपर्क' पानात इन्क्लूड केली (म्हणजे जोडून घेतली), तर उत्तर 'हेडर' असेच येते. मेनूतील चालू पान ठळक दाखवताना हमखास चूक होते ती इथेच. अशा वेळी 'सर्व्हर' या सुपरग्लोबल (कोडमध्ये कुठूनही वापरता येणाऱ्या) अ‍ॅरेतील 'स्क्रिप्ट नेम' घेऊन ते 'बेसनेम'ला द्यावे, म्हणजे 'संपर्क' मिळेल. त्याच अ‍ॅरेतील 'पीएचपी सेल्फ' मी कटाक्षाने टाळतो, कारण पत्त्यात फाइलच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन कोणी काही जोडले, तर तो मजकूरही त्यात येतो, आणि तो एस्केप न करता (म्हणजे त्यातील विशेष चिन्हे निष्प्रभ न करता) फॉर्म कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या त्याच्या 'अ‍ॅक्शन'मध्ये छापल्यास घातक स्क्रिप्ट पानात शिरू शकते.